मालिका दोघांची, काम एकीचे

संध्याकाळच्या बैठकीला महिला कार्यकर्त्या येत नाहीत, ही तक्रार आपल्या शाखांतून वारंवार ऐकू येते. तिचे कारणही तयार असते : 'बायका मालिकांना चिकटून बसतात.' हे कारण सांगणारे कित्येक साथी रात्री घरी पत्नीशेजारी बसून त्याच मालिका पाहतात, ही गोष्ट मात्र बैठकीत कोणी काढत नाही. दूरचित्रवाणीवरील रोजची मालिका हा आज असंख्य घरांत नवराबायकोने एकत्र घालवण्याचा एकमेव वेळ आहे. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा समजून बाजूला सारता येणार नाही. तो श्रमाच्या आणि विश्रांतीच्या वाटणीचा प्रश्न आहे, आणि समाजवाद्यांना याहून जवळचा प्रश्न दुसरा कोणता असू शकतो?

'आम्ही दोघे मिळून मालिका पाहतो' हे वाक्य जरा तपासून पाहावे. तो पाहतो, ती बहुतांशी ऐकते. तिचे कान पडद्याकडे आणि हात परातीत असतात. कुकरची शिट्टी, मुलाचा गृहपाठ, सासूबाईंचे औषध, उद्याच्या डब्याची भाजी या सर्वांमधून जे कानी पडेल ते तिचे. 'अहो, काय म्हणाली ती?' असे तिने आतून विचारायचे आणि त्याने एका वाक्यात सांगायचे, ही एकत्र पाहण्याची रीत. जाहिराती लागल्या की तो पाय लांब करतो आणि ती उठून गॅस बारीक करते.

याला कोणी अतिशयोक्ती म्हणेल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. हा आकडाही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचाच आहे. बहुसंख्य पुरुष या हिशेबात येतच नाहीत. २८९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. नोकरी किंवा मजुरी करून आलेल्या स्त्रीला हे तास संध्याकाळच्या कोणत्या कोपऱ्यातून काढावे लागत असतील, ते सांगण्याची गरज नाही.

भांडवलदारांनी ही परिस्थिती आपल्यापेक्षा फार लवकर ओळखली. अशा मालिकांचा जन्म १९३० च्या दशकात अमेरिकेतील रेडिओवर झाला, आणि त्यांचे पोशिंदे होते साबण विकणारे कारखानदार. घरी काम करीत असलेल्या गृहिणीच्या कानांपर्यंत साबणाचे नाव पोहोचवणे हा त्यांचा हेतू होता. संवादांची पुनरुक्ती, वारंवार वाजणारे सूचक संगीत, एकाच प्रसंगावर दिवसच्या दिवस रेंगाळणारी कथा यांना आपण कलादृष्ट्या नावे ठेवतो. परंतु जिचे अर्धे लक्ष चुलीकडे आहे, तिला सुटलेला धागा पुन्हा सापडावा अशीच ही रचना आहे. स्त्रीला विश्रांती नाही, हे गृहीत धरूनच हा धंदा उभा राहिला.

आपल्याकडे ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, ती कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा यांविषयी प्रबोधन करण्यासाठी. पहिल्या तेरा भागांनंतर प्रबोधनाचा भार हलका करण्यात आला, लोकप्रियता वाढली, आणि प्रायोजक कंपनीच्या शेवया घरोघर पोहोचल्या. पुढील खासगी वाहिन्यांनी प्रबोधनाचे नावही टाकून दिले. आज नियमानुसार तासाला बारा मिनिटे जाहिराती दाखवण्याची मुभा आहे. अर्ध्या तासाच्या तीन मालिका आठवड्यातून सहा दिवस पाहणारे जोडपे या मर्यादेतही वर्षाकाठी सुमारे ९४ तास जाहिराती पाहते. आठ तासांच्या जवळजवळ बारा दिवसपाळ्या! या पाळ्यांचा मोबदला वाहिनीला मिळतो. पाहणाऱ्याच्या पदरी मासिक वर्गणीचे बिल येते.

आणि दाखवतात काय? भरजरी साडी नेसून झोपणारी सून, कारस्थानी जाऊ, कोट्यवधींचे व्यवहार करणारे घराणे. त्या घराण्याच्या कंपनीत कामगार क्वचितच दिसतो. त्या घरात जेवणाची ताटे रोज मांडली जातात, पण ती घासायला कोण बसते, हे कॅमेरा सहसा दाखवीत नाही. सुनेने सोसावे, सोसून जिंकावे, आणि जिंकल्यावर पुन्हा त्याच स्वयंपाकघरात उभे राहावे, हा बहुतेक कथांचा सारांश.

येथवर आपले साथी माना डोलावतील. 'म्हणूनच आम्ही या मालिकांना अफू म्हणतो', असेही म्हणतील. त्यांच्याशीच माझे खरे भांडण आहे.

२०२० साली सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या जीवनावरील 'सावित्रीजोती' ही मालिका मराठी वाहिनीवर आली, आणि पुरेसा प्रेक्षकवर्ग नाही म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद झाली. दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आपल्यापैकी कितीजण ती रोज पाहत होते? 'बायकांचे खूळ' म्हणून ज्या माध्यमाकडे पाठ फिरवली, त्यात आपले काही आले तेव्हाही पाठ तशीच राहिली. अभिरुचीच्या नावाखाली चालणारा हा पुरुषी तुच्छतावाद आहे. क्रिकेटच्या सामन्यापुढे पाच तास बसणाऱ्या पुरुषाला कोणी अफूबाज म्हटल्याचे ऐकिवात नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मान्य झाली. ती सुट्टी कामगार कशी घालवील, याची हमी मालकांना देण्याचे कारण नव्हते. विश्रांती हा हक्क आहे. सद्‌वर्तनाचे बक्षीस नव्हे. मग पहाटे पाचला उठलेल्या स्त्रीने आपला अर्धा तास कसा घालवावा, याचा निवाडा करणारे आपण कोण? तिला रविवार तर अजून मिळालेलाच नाही. उलट त्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक अधिक.

काही तरुण साथी म्हणतात, मोबाईलवर हवा तो भाग हवा तेव्हा पाहता येतो. वेळेचा प्रश्न आता उरला नाही. तो त्यांच्यापुरता उरला नसेल. नवरा लोकलमध्ये बसून पुढचा भाग पाहून टाकतो. पत्नीला 'हवी ती वेळ' मिळते ती ओटा पुसून झाल्यावर, रात्री अकराला, स्वतःच्या झोपेतून कापून. यंत्र बदलले, तरी घरातील श्रमविभागणीला धक्का लागलेला नाही.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखालील महागाई प्रतिकार समितीच्या हाकेला प्रतिसाद देऊन हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या याच स्वयंपाकघरांतून आल्या होत्या. त्यांच्या रोजच्या जगण्यातला प्रश्न त्यांच्याच भाषेत मांडला गेला, म्हणून आल्या. आज त्याच घरांत आपण उपदेश घेऊन जातो आणि दार उघडले नाही की मालिकेला दोष देतो.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट घरापासून. मालिका दोघांनी पाहायची असेल तर पोळ्या, भांडी आणि मुलांचा अभ्यास ही कामे आधी दोघांनी उरकावीत, आणि मग दोघांनी एकदमच बसावे. दुसरी, बैठकीची वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी आणि मुलांना सांभाळण्याची जबाबदारी पुरुष कार्यकर्त्यांनी घ्यावी. तिसरी, पाहिलेल्या मालिकेवर घरात आणि मंडळात बोलावे : ही सून पगार का मागत नाही, घर तिच्या नावावर का नाही? चांगल्या कथेवर डोळे पुसणारी बाई या प्रश्नांना भिणारी नसते.

चौथी गोष्ट पडद्यामागची. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील चित्रीकरण बंद पडले आणि वाहिन्यांवर जुने भाग पुन्हा दाखवावे लागले, तेव्हा दिवे उचलणाऱ्या, रंगभूषा करणाऱ्या, सेट उभारणाऱ्या कामगारांचे अस्तित्व प्रेक्षकांना प्रथमच जाणवले. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि महिनोन्‌महिने रखडणारा मेहनताना ही या धंद्यातील जुनी दुखणी आहेत. सेटवरच्या कामगाराच्या आठ तासांसाठी आपण उभे राहिलेच पाहिजे. पण ती घोषणा देऊन रात्री घरी परतल्यावर पत्नीने वाढलेले ताट मांडीवर घेऊन जो साथी मालिका पाहत बसतो, त्याने आपल्या घरातील कामाचे तासही त्याच न्यायाने मोजावेत, आणि उद्यापासून भांडी स्वतः घासावीत.