स्क्रीन रीडर काय वाचणार, कप्पाळ?

एक काम करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन टॉकबॅक सुरू करा, आयफोन असेल तर व्हॉइसओव्हर. मग डोळे मिटा आणि ऑफिसच्या एचआर अ‍ॅपवर उद्याची रजा टाकून दाखवा. बंद कसं करायचं ते मात्र आधी बघून ठेवा. टॉकबॅक चालू असताना एकदा टॅप केलं की फोन नुसतं वाचून दाखवतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. नवख्या माणसाला फोन बिघडला असंच वाटतं.

बऱ्याच जणांना ऐकू येईल ते साधारण असं: ‘बटन. बटन. अनलेबल्ड. बटन.’ यातलं रजेचं कोणतं आणि राजीनाम्याचं कोणतं, ते तुम्हीच ओळखा.

आमच्या आयटीत एक वाक्य फार चालतं. “आम्हाला दिव्यांग उमेदवार घ्यायचेत हो, पण टेक्नॉलॉजी अजून तेवढी तयार नाही.” पुण्यात नोकरीला लागल्यापासून हे मी कितीदा ऐकलंय. बोलणाऱ्याचा चेहरा दरवेळी असा, जणू विज्ञानच त्याच्या आड आलंय.

धडधडीत खोटं आहे हे. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ मध्ये लिहायला घेतला. पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. तोवर जॉजसारखं महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागायचं. एनव्हीडीए फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पेन ड्राइव्हवरूनही चालतो आणि मराठीही वाचतो. उच्चार जरा यंत्रासारखे, पण वाचतो. आणि वेबसाइट कशी बांधली म्हणजे ती सगळ्यांना वापरता येईल, याची मार्गदर्शक तत्त्वं डब्ल्यूथ्रीसीने १९९९ मध्येच प्रसिद्ध केली होती. तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं.

मग अडतं कुठे? स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र बघत नाही, मागचा कोड वाचतो. एचटीएमएलमध्ये बटनासाठी ‘बटन’ नावाचाच टॅग आहे. तो वापरला की कीबोर्डने तिथे पोचता येतं, एंटर मारता येतं, आणि हे बटन आहे हे स्क्रीन रीडरला आपोआप कळतं. पण आमचे लोक काय करतात, तर एक साधा डिव घेतात, त्याला रंग देतात, कोपरे गोल करतात आणि वर क्लिक चिकटवतात. डोळ्यांना बटन, स्क्रीन रीडरला शून्य. बरं, चुकून खरं बटन असलंच, तर आत नुसतं टिकमार्कचं चित्र आणि नावाचा पत्ता नाही. ते नाव द्यायला कोडची एक ओळही लागत नाही, ओळीचा तुकडा पुरतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माझ्या टीममध्ये एक टेस्टर आहे, जन्मापासून अंध. त्याचा एनव्हीडीए इतक्या वेगाने बोलतो की शेजारी बसून मला एक शब्द कळत नाही. लॉग फाइलमधली गडबड तो माझ्याआधी पकडतो. पण पगाराची स्लिप? ती आमच्या पोर्टलवर चित्र म्हणून येते. म्हणजे दर महिन्याला कुणाला तरी हाक मारायची, “अरे, जरा वाच ना, पीएफ किती कापलाय?” त्याचा पगार अर्ध्या फ्लोअरला पाठ आहे. अप्रेजलचा फॉर्म माऊसशिवाय भरताच येत नाही. त्यामुळे स्वतःचं रेटिंग त्याने मॅनेजरच्या शेजारी बसून, मॅनेजरच्याच हाताने भरलं. अशा वेळी स्वतःला पाचपैकी पाच द्यायची हिंमत तुम्हाला झाली असती? पोर्टलवाल्या व्हेंडरकडे तिकीट टाकून दीड वर्ष झालं. प्रायॉरिटी: लो.

३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक अपंग दिनाला, कंपनीने त्याच्यावर व्हिडिओ काढला. मागे पियानो वगैरे. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय, ते त्याला आम्हीच वाचून दाखवलं.

या दुखण्यावर बाजारात एक झटपट औषधही मिळतं. साइटवर कोडची एक ओळ टाका, कोपऱ्यात एक चिन्ह येईल आणि साइट आपोआप सगळ्यांसाठी सुलभ होईल! असलं साधन विकणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दिशाभूल करणाऱ्या दाव्यांच्या प्रकरणात दहा लाख डॉलर भरायला लावले.

आपल्याकडे कायदा आहे, २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करायचं, त्यात काय सुविधा देणार ते लिहायचं, संपर्क अधिकारी नेमायचा. तुमच्या कंपनीचं धोरण कधी वाचलंय? पण कामाच्या जागी वाजवी सोयी पुरवण्याची कलम २० मधली सक्ती सरकारी आस्थापनांपुरतीच आहे. आणि कायदा मोडला तर पहिल्या वेळचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत. आमच्या टीमच्या एका पार्टीचं बिल याहून जास्त येतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे नियम करा, आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

सरकारी कचेऱ्यांनी फार हसू नये. तिथे ४ टक्के आरक्षण आहे, पण त्या जागेवर लागलेल्या अंध कारकुनापुढे फाइल येते ती श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमधली. जुन्या फॉन्टमधला हा मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर इमानदारीत तेच वाचतो. युनिकोड येऊन किती वर्षं झाली?

“एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कोण करणार?” हाही एक लाडका प्रश्न. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. ऑफिसात ते थोडे दिसतात, कारण चाळणी दारातच लागते. कॅम्पसच्या ऑनलाइन कोडिंग टेस्टचंच घ्या. कॅमेरा नजरेवर पाळत ठेवतो, ती पडद्यावरून हलली की वॉर्निंग. इयरफोनला मनाई. आता अंध मुलाने नजर कुठे ठेवायची आणि स्क्रीन रीडर कसा ऐकायचा? तीन वॉर्निंग झाल्या की टेस्ट बंद, आणि रिपोर्टमध्ये शेरा पडतो कॉपीचा.

आमच्याकडे एक सेमीकोलन सुटला तरी बिल्ड अडतं, आणि ते कुणालाही जाचक वाटत नाही. म्हणून परवाच्या प्लॅनिंगमध्ये मी एवढंच मागितलं: माऊस बाजूला ठेवून जो स्क्रीन वापरता येत नाही, तो मर्ज करायचा नाही. उत्तर आलं, “चांगला मुद्दा आहे. रिलीजनंतर बघू.” रिलीज दर दोन आठवड्यांनी असते.