चाळीस तासांचे सिंगापूर

पुढील महिन्यात आमचे आई-अण्णा जालन्याहून निघून मेलबर्नला आमच्या धाकट्या बहिणीकडे जातील. वाटेत ते सिंगापुरात उतरणार आहेत. शनिवारी सकाळी सातला त्यांचे विमान येते आणि रविवारी रात्री अकराला पुढचे सुटते. मधले तास चाळीस. दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास. पुन्हा येणे कधी घडेल, घडेल की नाही, हे सांगता येत नाही.

संगणकावर पोट भरणाऱ्या माणसाची खोड आम्हांलाही आहे. एका रात्रीत आम्ही चौदा ठिकाणांचा तक्ता तयार केला. मर्लायनचा पुतळा, मरिना बे, सेंतोसा, रात्रीचे प्राणिसंग्रहालय, प्रत्येकापुढे मिनिटे आणि भाडे. तक्ता जालन्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ती म्हणाली, "हे सगळं मोबाईलात बघितलंय आम्ही. तुम्ही राहता कसं, शेजारी कोण आहे, ते आधी दाखवा." मागून अण्णांनी विचारले, "तिथं आडनाव विचारतात का रे?"

या दोन प्रश्नांनी तक्ता निकालात निघाला. मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने सिलोनला गेले होते. तो मुक्कामही लांब नव्हता. परंतु केवळ समारंभ पाहून परतणे हा त्यांचा हेतू नव्हता. तेथील लोकांच्या जगण्यात धम्म कितपत जिवंत आहे, हे त्यांना पाहायचे होते. अल्पकाळाच्या प्रवाशाने सोबत एक प्रश्न न्यावा, स्थळांची यादी आपोआप लहान होते, एवढे आम्ही त्यातून घेतले.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी, कारण अनेक समाजबांधवांचे पालक याच मार्गाने येतात. भारतीय पारपत्रावर सिंगापूरला व्हिसा लागतो. मात्र ऑस्ट्रेलिया, जपान, ब्रिटन, अमेरिका अशा काही देशांचा वैध व्हिसा आणि पुढचे तिकीट असल्यास ९६ तासांपर्यंत व्हिसाविना थांबण्याची सवलत मिळू शकते. तिच्या अटी सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचाव्यात आणि विमान कंपनीकडूनही खात्री करून घ्यावी. आगमनाची नोंद उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन करावी, तिला शुल्क नाही. आईच्या पिशवीतून काळ्या मसाल्यासोबत खसखस येऊ नये, ती येथे निषिद्ध आहे. खाण्याची तंबाखूही तशीच. रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. येथील घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे सकाळी सातला उतरणाऱ्याच्या शरीराला पहाटेचे साडेचारच वाजलेले असतात. म्हणून विमानतळावरून मेट्रो नव्हे, टॅक्सी, आणि घरी आल्यावर दुपारपर्यंत झोप.

शनिवारची दुपार बुकित बातोकसाठी ठेवली आहे. येथील इमारती सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या आहेत. देशातील पाऊण भागाहून अधिक रहिवासी अशाच घरांत राहतात. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि परिसरात चिनी, मलय, भारतीय व इतर यांच्या घरांना कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. कोणा एकाच वंशाची वस्ती उभी राहू नये, हा त्यामागचा हेतू. आईचे सासर आणि माहेर दोन्ही गावकुसाबाहेर होते. वस्तीची रचना कायद्याने बदलता येते, हे तिला आमच्या मजल्यावरील दारे पाहून कळेल.

परंतु अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. सरकारी गणनेत वंश मोजला जातो, जात नाही. ती आपली माणसे सामानातून आणतात. भारतीयांच्या स्नेहभोजनात आडनाव कळल्यावर पुढचा प्रश्न 'गाव कोणते' असा येतो, आणि तो कशासाठी आहे हे आपल्याला ठाऊक असते. भाड्याचे घर शोधताना 'भारतीय नकोत' असे ऐकण्याची वेळही आमच्यावर आली आहे. त्या वेळी सोबतचे सवर्ण सहकारी प्रथमच संतापलेले पाहिले. हे सारे अण्णांना सांगायचे, असे आम्ही ठरवले आहे.

ऊन उतरल्यावर लिटल ग्विलिनला जाऊ. बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी आणि बातोक म्हणजे खोकला. या नावाच्या अनेक आख्यायिका आहेत. येथे पूर्वी ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. त्यांपैकी एका खाणीत पाणी साठून तळे झाले आणि भोवती उद्यान उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजीने सरकारी कामावर खडी फोडली. आई तेव्हा लहान होती, तिच्याजवळच बसून असे. तिला हे तळे दाखवायचे आहे. ती काय म्हणेल याचा अंदाज आम्ही करत नाही.

रात्रीचे जेवण हॉकर सेंटरमध्ये. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली. आमच्या दृष्टीने तेथील महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. २०२१ पासून प्रत्येकाने आपला ट्रे आणि भांडी स्वतः उचलून ठेवण्याचा नियम कडकपणे अमलात आला. न ठेवल्यास दंड होऊ शकतो. अण्णांनी एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षे शिपाई म्हणून साहेबांचे उष्टे कप उचलले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मोठा अधिकारी स्वतःचे उष्टे ताट घेऊन रांगेत उभा आहे, हे त्यांनी पाहावे अशी आमची इच्छा आहे. त्याच वेळी टेबले पुसणारी माणसे बहुधा वृद्ध आहेत, हेही त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

रविवार विहारांसाठी. चायनाटाऊनमधील दंतधातूचे मंदिर भव्य आहे, पण अण्णा दारातच विचारतील की, दात बुद्धांचाच कशावरून? तो वाद अर्ध्या दिवसात आटोपणार नाही. त्याऐवजी फॅरर पार्क स्थानकाजवळ, रेसकोर्स रोडवरील शाक्यमुनी बुद्धगया मंदिर निवडले. थाई भिक्खू वुत्तिसार यांनी ते १९२७ मध्ये स्थापन केले, म्हणजे आपल्या चवदार तळ्याच्या वर्षी. तेथील विशाल बुद्धमूर्तीच्या चौथऱ्यावर बुद्धचरित्रातील प्रसंग कोरून रंगवले आहेत. ते ओळखायला आईला इंग्रजी लागणार नाही. तेथून सेंट मायकेल्स रोडवरील श्रीलंकारामय विहार. सिंहली उपासकांची पाली वंदना सुरू झाली की त्रिशरण आणि पंचशील दोघांनाही सोबत म्हणता येईल. परक्या देशात प्रथमच पाऊल ठेवलेल्या माणसाला अनोळखी लोकांसोबत तेच शब्द उच्चारता यावेत, याहून मोठे स्वागत आम्ही त्यांचे करू शकत नाही. खांदे-गुडघे झाकणारी वस्त्रे आणि सहज काढता येतील अशा चपला, एवढी तयारी पुरे.

संध्याकाळी लिटल इंडिया. रविवारी तमिळनाडूचे आणि बांगलादेशाचे बांधकाम मजूर सुट्टीसाठी तेथे जमतात. उरलेले सहा दिवस त्यांपैकी अनेकजण लॉरीच्या मागच्या भागात बसून कामावर जातात. ही गर्दी टाळून दुसरी वाट धरावी, असे एका मित्राने सुचवले. आम्ही ती टाळणार नाही. मरिना बेचे मनोरे अण्णांना विमानतळाच्या रस्त्यावरून दिसतीलच. ते बांधणारे हात दिसण्याचा वार मात्र हाच.

चौदापैकी पाच ठिकाणे उरली. पाठवलेल्या नव्या तक्त्याला आईने एकच दुरुस्ती सुचवली आहे. शनिवारची दुपारची झोप रद्द करा, शेजारणीला चहाला बोलवा, मी धपाटे घेऊन येते. शेजारणीला कळवले आहे, ती येते म्हणाली.

जय भीम.