दुसऱ्याच्या पेवातील धान्य

अमुक संस्थेची वेबसाइट बंद पडली, अशी वार्ता कानी आली म्हणजे आपण क्षणभर हळहळतो आणि पुढच्या वार्तेकडे वळतो. ती वेबसाइट कोठे राहत होती, तिची राखण कोण करीत होता आणि ती बंद पडल्याने कोणाची चूल थंडावली, हा विचार सहसा मनात येत नाही. आमचे विद्यार्थी दिवसातून कितीदा तरी या महाजालात वावरतात, आणि पालकांपैकी पुष्कळांचा धंदा आज त्याच्याच आधारावर चालतो. यास्तव या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही असे वाटते.

वेबसाइट काही हवेत तरंगत नसते. ती कोठल्या तरी इमारतीत, रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हर नावाच्या यंत्रावर साठविलेली असते. असले यंत्र घरी बाळगणे किराणा दुकानदारास, डॉक्टरास किंवा शाळेस परवडत नाही. म्हणून ते होस्टिंगचा धंदा करणाऱ्या कंपनीकडे भाडे भरून जागा घेतात. या धंद्यात परदेशातील अवाढव्य कंपन्या आहेत, तशाच आपापल्या शहरातील लहान कंपन्याही आहेत. लहान कंपनीचा गुण असा की, अडचण पडली तर दूरध्वनीवर आपल्या भाषेत बोलणारा ओळखीचा मनुष्य भेटतो. पूर्वी देशावरील गावांतून जोंधळा पेवात साठवीत असत. होस्टिंग कंपनी म्हणजे असे एक मोठे पेवच होय. फरक इतकाच की, शेकडो घरांचे धान्य त्या एकाच पेवात असते. चोराला हे ठाऊक आहे. शंभर घरे फोडण्यापेक्षा एक पेव फोडणे त्यास सोयीचे वाटते.

अलीकडील चोर माल उचलून नेतोच असे नाही. मालाच्या खोलीला तो आपले कुलूप ठोकतो आणि किल्लीचे मोल मागतो. या कुलपास रॅन्समवेअर म्हणतात. सर्व्हरवरील प्रत्येक अक्षराचे गूढलिपीत रूपांतर होते, आणि किल्लीवाचून ते कोणासही वाचता येत नाही, खुद्द मालकासही नाही.

डेन्मार्क देशात क्लाउडनॉर्डिक नावाची अशी एक होस्टिंग कंपनी होती. तिच्याच मालकाची अझेरो नावाची दुसरीही होती. १८ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे चारच्या सुमारास दोहोंवर एकदम घाला पडला. कंपनीने स्वतः सांगितलेली हकीकत मोठी बोधप्रद आहे. तिचे सर्व्हर त्या सुमारास एका इमारतीतून दुसरीत हलविले जात होते. त्यांपैकी काही यंत्रांत रोगाचे बीज आधीच शिरलेले होते. पहारेकरी प्रणाली जागेवर असूनही ते ध्यानात आले नव्हते. स्थलांतराच्या धांदलीत पूर्वी निरनिराळ्या जाळ्यांत असलेली ही यंत्रे, ज्या आतल्या जाळ्यावरून सर्व सर्व्हरांचा कारभार चाले, त्यास जोडली गेली. मग काय विचारता! चोर कारभाऱ्याच्या गादीवर जाऊन बसला. त्याने ग्राहकांच्या वेबसाइटी व टपाल यांस कुलूप घातले. संकटकाळासाठी ठेवलेल्या नकलेस घातले. आणि त्या नकलेच्या दुसऱ्या नकलेसही घातले. दोन्ही नकला होत्या, परंतु दोन्ही त्याच दोरीने बांधलेल्या होत्या.

चोरांनी खंडणी मागितली. कंपनीने जाहीर केले की, ती देणे आम्हांस शक्य नाही आणि आमची इच्छाही नाही. पोलिसांत वर्दी दिली गेली. बहुसंख्य ग्राहकांचे सर्वस्व गेले. कंपनीने रिकामे सर्व्हर पुन्हा उभे केले, ग्राहकांची नावे तेवढी शाबूत राखली, आणि ज्यांच्यापाशी स्वतःची प्रत असेल त्यांनी ती आणून भरावी असे कळविले. ज्यांच्यापाशी नसेल त्यांनी महाजालाच्या जुन्या पानांचे जे सार्वजनिक संग्रहालय आहे, त्यात आपल्या वेबसाइटीचे अवशेष शोधावेत. वर्षानुवर्षे चालविलेल्या दुकानाचे अवशेष संग्रहालयात शोधावयाचे, ही कल्पनाच किती करुण आहे!

आता दुसरे उदाहरण पाहा. दक्षिण कोरियात नायाना नावाच्या होस्टिंग कंपनीवर १० जून २०१७ रोजी असाच घाला पडला. तिचे १५३ सर्व्हर कुलूपबंद झाले आणि त्यांवर वसलेल्या ३,४०० हून अधिक व्यवसायांच्या वेबसाइटी अडकल्या. चोरांनी ५५० बिटकॉइन मागितले. घासाघीस होऊन ३९७.६ बिटकॉइनवर सौदा ठरला. त्या वेळच्या भावाने ही रक्कम सुमारे दहा लक्ष डॉलर होती. ती तीन हप्त्यांत द्यावयाची आणि प्रत्येक हप्त्यास काही सर्व्हरांच्या किल्ल्या घ्यावयाच्या, असा करार झाला. पुढे तज्ज्ञांनी पाहिले तेव्हा असे आढळले की, कंपनीच्या वेबसाइटीमागील काही सॉफ्टवेअर २००६ सालचे होते. अकरा वर्षे दारास तेच गंजलेले कुलूप!

एकाने खंडणी नाकारली व ग्राहक बुडाले. दुसऱ्याने दिली व ग्राहकांचा माल सुटू लागला. शाहाणा कोण? आमचे मत स्पष्ट आहे. खंडणी देऊ नये. कोरियातून गेलेल्या पैशाने चोरांच्या धंद्यास भांडवल मिळाले, आणि होस्टिंगवाला घाबरला म्हणजे भरपूर देतो ही बातमी त्या धंद्यात पसरली. एका गावाने दिलेली खंडणी शेजारच्या गावावर स्वारी आणते.

परंतु येथे एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पालकांतील एखादे व्यापारी म्हणतील, "गुरुजी, तत्त्व बाणेदार खरे, पण ते कोणाच्या मालावर? डेन्मार्कच्या मालकाने स्वतःचे घर पणास लावले असते तर आम्ही त्यास नमस्कार केला असता. त्याने तर आमच्यासारख्यांची वह्याखाती पणास लावली." हा प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याची ठेव ज्याच्या हाती आहे, त्यास केवळ आपल्या सत्त्वाचा विचार करून चालत नाही. कोरियातील मालक भ्याला म्हणून त्याने पैसे दिले, असे म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. हजारो कुटुंबांची पोटे त्यास दिसत असली पाहिजेत.

मग या पेचातून मार्ग कोणता? आम्हांस असे वाटते की, तो घाल्याच्या रात्री सापडत नाही; आधीच्या शांत दिवसांत करून ठेवावा लागतो, आणि तो राखणदाराने जितका करावा तितकाच ठेवीदारानेही करावा. पेवात धान्य टाकणारा शेतकरी बियाणे पेवात टाकीत नसे. ते निराळे काढून, राख लावून, घरच्या मडक्यात ठेवी. पेव पाण्याने सडो वा चोराने फोडो, पेरणी चुकत नसे. होस्टिंगच्या ग्राहकाने आपल्या मजकुराची एक प्रत आपल्यापाशी, तारेपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवली, तर त्याचे स्वतःचे रक्षण होतेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, राखणदारास चोराला "नाही" म्हणण्याचे बळ येते. तीन हजार ग्राहकांपाशी आपापली प्रत असती, तर कोरियातील त्या मालकास चोराशी घासाघीस करीत बसावे लागले नसते. म्हणजे प्रत ठेवणे ही केवळ काटकसरी माणसाची सावधगिरी नव्हे; तो शेजारधर्म आहे. शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दाखल्यात मध्यरात्री उसने तेल मिळाले नाही, हे आमच्या वाचकांस स्मरत असेलच.

राखणदाराकडेही ग्राहकाने काही गोष्टी विचारून घ्याव्यात. नकला त्याच जाळ्यावर आहेत की वेगळ्या? त्या परत भरून पाहण्याचा प्रयोग शेवटी केव्हा केला? भाडे थोडे कमी आहे एवढ्यावर भुलून हे न विचारणे बरे नव्हे. घाला पडल्यास तो लपवू नये, हेही आधी ठरवून घ्यावे. २८ एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशानुसार आपल्या देशातील अशा कंपनीस घाल्याची वर्दी सहा तासांच्या आत सर्ट-इन या सरकारी संस्थेस द्यावी लागते. परंतु ज्याचा माल गेला त्यास सत्य सांगणे हे कायद्याच्याही आधीचे कर्तव्य आहे. डॅनिश कंपनीने आपली फजिती उघडपणे, पायरीपायरीने सांगितली. तेवढ्यापुरता तरी तिचा आदर केला पाहिजे.

मुलांशी दोन शब्द वेगळे बोलावयाचे आहेत. घाल्याचा आणखी एक प्रकार आहे; त्यात कुलूप घालीत नाहीत, दारावर इतकी गर्दी लोटतात की खरे गिऱ्हाईक आत येऊच शकत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्समधील ओव्हीएच या होस्टिंग कंपनीवर अशी प्रचंड गर्दी लोटली. ती करणारी यंत्रे कोणती, तर लोकांच्या घरादुकानांतील साधे कॅमेरे! त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता. सुमारे साठ ठराविक जोड्या घोकून चोरांनी ते वश केले. या सेनेस मिराई म्हणत. तिचे कर्ते सराईत दरोडेखोर नव्हते. विशीतले तीन अमेरिकन तरुण होते, आणि त्यांतील एक कॉलेजचा विद्यार्थी होता. माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांवरील धंद्याची चढाओढ हे त्यामागील एक कारण होते. तिघांनी २०१७ साली गुन्हा कबूल केला. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना पाच वर्षे देखरेखीखाली राहण्याची आणि २,५०० तास समाजसेवा करण्याची शिक्षा दिली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली असल्या कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. खेळातील प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर क्षणभर पाडणे ही गंमत आहे, असे समजणारी हुशार मुले आमच्याही वर्गांत असतील. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, त्याच सर्व्हरवर एखाद्या विधवेच्या शिवणकामाची वेबसाइट असू शकते. आणि पालकांनी आज घरी गेल्यावर दारावरील कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलावा.

राहता राहिली आमच्या शाळेची गोष्ट. शाळेची सूचनापत्रे, निकाल आणि या वार्षिकाचे मागील अंकही एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. त्यांची एक प्रत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी डिस्कवर घेऊन ती कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ठेवावी, आणि वर्षातून दोन वेळा नववीच्या मुलांनी ती रिकाम्या संगणकावर भरून पाहावी, अशी सूचना आम्ही मुख्याध्यापकांपुढे ठेवीत आहो. छापील अंकांचा संच मात्र अपुरा आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुने अंक असतील त्यांनी ते चार दिवसांपुरते आणून द्यावेत. नकला करून घेऊन ते जसेच्या तसे परत केले जातील.