पडघा मागे टाकताना

प्रवासवर्णन हा मराठीतला समृद्ध, पण समीक्षेने काहीसा सावत्रपणे वागवलेला वाङ्मयप्रकार. त्याची आजची अवस्था समजून घ्यायची असेल, तर ग्रंथालयापेक्षा भिवंडी तालुक्यातले पडघा अधिक उपयोगी पडेल असे माझे मत आहे. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे बाजाराचे गाव. शनिवारी पहाटे मुंबई-ठाण्याहून निघालेल्या मोटारी येथूनच माहुली, इगतपुरी, भंडारदरा अशा 'शांत' ठिकाणांकडे धावतात. त्यांतल्या कोणालाही पडघ्याविषयी विचारावे; बहुतेकांना टोलनाका तेवढा आठवेल.

आता तोही आठवण्याचे कारण उरलेले नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे पडघ्याच्या जवळच आहे. तेथून चढले की कसाऱ्याचा डोंगर सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत पार होतो. ज्याची आई नाशिकला आजारी आहे, त्याने या बोगद्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, आणि मीही ठेवत नाही. परंतु डोंगर पाहायला निघालेल्या माणसाने डोंगराच्या पोटातून, विजेच्या दिव्यांच्या उजेडात पलीकडे जावे, यात काही विसंगती आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही, याचे मात्र मला नवल वाटते.

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते हवापालटासाठी नव्हे. घरची अडचण भागवायला. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि आजही वाचले जाते, ते केवळ झाशीच्या हकीकतीमुळे नाही. वाटेतले मुक्काम, अन्नाची विवंचना, जवळच्या पैशाची धास्ती, भेटलेली माणसे यांनी ते पुस्तक भरलेले आहे. तेथे मधला रस्ता हाच मजकूर आहे. याउलट आजच्या वीकएंडच्या लेखनात मधला रस्ता म्हणजे वाहतूक कोंडीची एक तक्रार, फार तर मिसळीचे एक हॉटेल. मग एकदम डोंगर येतो, आणि त्याच्यामागोमाग ठरलेली विशेषणे: हिरवा शालू, धुक्याची दुलई, स्वर्ग. विशेषणे शिळी आहेत ही तक्रार दुय्यम आहे. लिहिणाऱ्याला वाटेत काहीच घडलेले नसते, त्यामुळे त्याच्यापाशी क्रियापदे नसतात, हे त्यामागचे कारण आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सहा दिवस लोकल आणि कचेरी यांत पिळून निघालेल्या माणसाला दीड दिवस मिळतो. त्याने पायी चालावे, मुक्काम करावेत, ही अपेक्षा ज्यांना सवड आहे त्यांचीच. गो. नी. दांडेकरांसारखी भटकंती सर्वांना कशी जमावी? मान्य. त्यांच्या 'माचीवरला बुधा'तला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीवर कायमचा राहायला जातो. तसे रविवारी संध्याकाळी परतणाऱ्याने करावे असे कोणीच म्हणणार नाही. मात्र बुधासाठी ती माची शांत नाही. ती झाडापाखरांनी, जनावरांनी, कामाने गजबजलेली आहे. शांतता हा त्या जागेचा गुण नव्हेच. पाहुण्याला तेथील कोणाचेच ऐकू येत नाही, त्याला तो शांतता म्हणतो.

आणि ऐकू येण्याजोगे पुष्कळ आहे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे भातसा धरणाचे. ते नदीतून खाली येते, पिसे येथे बंधाऱ्यावर उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होऊन शहराकडे जाते. पिसे आणि पांजरापूर दोन्ही भिवंडी तालुक्यात. १८९२चे तानसा, वैतरणेवरचा मोडकसागर आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथल्या कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे पाणी आठवडाभर एका दिशेने जाते आणि ते पिणारी माणसे शनिवारी उलट दिशेने येतात, तलावाकाठी उभे राहून छायाचित्रे काढतात, आणि शेतघराच्या पोहण्याच्या तलावात उतरतात. शेतघर हा शब्दही पाहावा. त्यात शेत किती असते?

कोणी जाऊच नये, असे मी सुचवत नाही. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि पुढे चालावे लागते किंवा घोडा, रिक्षा, झुकझुक गाडी पाहावी लागते. तरी तेथे गर्दी कमी होत नाही. गर्दी होते म्हणून कुरकुरणाऱ्यांनाही तेथे निदान मातीचा लाल रंग आठवतो, कारण तो बुटांना लागलेला असतो.

अध्यापकांपुढे मात्र एक सूचना ठेवतो. 'अविस्मरणीय सहल' हा निबंधाचा विषय आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत, आणि तो गृहीत धरतो की लिहिणारा नेहमी गाडीत बसलेला आहे. भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या महाविद्यालयांत बसणारी कितीतरी मुले त्या रस्त्याच्या कडेला वाढलेली आहेत. कोणाचे वडील पूर्वीच्या स्वतःच्याच जमिनीवर आज राखणदार असतील, कोणाची आई रविवारी पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापत असेल. पाहुणे येतात तेव्हा काय पाहतात, काय विचारतात, काय टाकून जातात, हे त्या मुलांना लिहायला सांगावे. असे प्रवासवर्णन मराठीत मला फारसे वाचायला मिळालेले नाही. त्यात हिरवा शालू येईल असे वाटत नाही. टँकर बहुधा येईल, आणि कोणत्या दिवशी येतो तेही.