एकच बाइंडर पुरे



न्यू जर्सीला लेकीकडे आले, तर नातवाला बेसबॉल कार्डांचा नाद लागलेला. बंद पाकीट फोडायचं, हवं ते कार्ड निघालं नाही की पुन्हा नवं आणायचं. मला तर ती सोरटच वाटली. लेक वैतागून म्हणाली, "टाकूनच देते सगळं!" मी अडवलं. इथल्या कितीतरी आयांनी घर आवरताना मुलांची कार्डं अशीच फेकली. मिकी मँटलचं १९५२ चं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं!

पण किमतीसाठी साठवावं, असंही माझं म्हणणं नाही. आम्ही मर्यादा घातली: एकच बाइंडर, पानाला नऊ कप्पे. पानं पीव्हीसीची नकोत, त्यानं कार्डं खराब होतात. पाकिटं बंद, आवडीचं एकेक सुटं कार्ड घ्यायचं. बाइंडर भरला की नवं घेताना जुनं एक मित्राला द्यायचं. 'अजून एक, अजून एक' यातूनच परिग्रह वाढतो ना?

काल त्यानं जॅकी रॉबिन्सनचं कार्ड दाखवलं. १९४७ साली गोऱ्या खेळाडूंच्या मेजर लीगमध्ये हा कृष्णवर्णीय खेळाडू कसा उतरला, ते तासभर सांगत बसला. कार्डाची किंमत त्यानं सांगितली नाही, मीही विचारली नाही.