शास्त्रज्ञ थोर, म्हणून त्याचे धर्ममतही थोर?

१३ जुलै २०२३ रोजी इस्रोचे काही शास्त्रज्ञ चांद्रयान-३ची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले. दुसऱ्या दिवशी यान उडाले आणि २३ ऑगस्टला विक्रम चंद्रावर अलगद उतरला. मंदिराच्या दारातले ते छायाचित्र तेव्हापासून फिरते आहे. खाली ओळ बहुधा एकच असते : एवढे मोठे शास्त्रज्ञ देवापुढे हात जोडतात, मग तुम्ही कोण? दुसऱ्या गटात तेवढ्याच उत्साहाने स्टीफन हॉकिंग यांचे छायाचित्र फिरते. विश्वाला निर्मात्याची गरज नाही असे हॉकिंग सांगून गेले, मग तुम्ही कोण?

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावात हे दोन्ही संदेश एकाच मोबाइलवर येतात. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. वरकरणी ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोघांचा आधार एकच आहे. माणूस विज्ञानात मोठा आहे, म्हणून देवाधर्माबद्दलही त्याचेच खरे. हा आधार तपासून पाहण्यासारखा आहे, कारण तो देवळाच्या दारात थांबत नाही. पुढे तो दवाखान्याच्या दारापर्यंत येतो.

तिरुपतीच्या छायाचित्राचेच घेऊ. २०१९ साली चांद्रयान-२च्या आधीही इस्रोचे तेव्हाचे प्रमुख के. सिवन तिरुपतीला जाऊन आले होते. त्या वर्षी ७ सप्टेंबरला विक्रमचा संपर्क तुटला आणि तो आदळला. दर्शन दोन्ही वेळा झाले, यान एकदाच उतरले. मधल्या चार वर्षांत बदलले ते वेगळेच. उतरण्यासाठी आधी सुमारे ५०० मीटर बाय ५०० मीटरची जागा ठरवली होती, ती सुमारे ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवले, संगणकाच्या सूचना नव्याने लिहिल्या आणि काय काय बिघडू शकते याची यादी करून त्यावर आराखडा बेतला. दर्शनाला गेलेल्या शास्त्रज्ञांनाही हे ठाऊक होतेच. नाहीतर त्यांनी पाय मजबूत करण्याऐवजी नवस वाढवला असता. त्यांची श्रद्धा खोटी होती असा याचा अर्थ नाही. ती त्यांच्या कामाचा पुरावा नव्हती आणि त्यांचे काम तिचा पुरावा नाही, एवढाच अर्थ आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नात सगळ्यात आधी जयंत नारळीकर आठवतात. कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडलेले, पुण्यात आयुका उभारलेले नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांनी फलज्योतिषाला आयुष्यभर विरोध केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत ते पुढे होते. मग एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ म्हणतो म्हणून ज्योतिष खोटे, असे म्हणावे का?

नारळीकरांना ते पुरेसे वाटले नाही. २००८ साली त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर एक चाचणी घेतली. शाळेत हुशार म्हणून गणलेली १०० मुले आणि मतिमंद मुलांच्या शाळांतली १०० मुले यांच्या जन्मवेळा गोळा करून २०० कुंडल्या मांडल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या यदृच्छेने निवडलेल्या ४० कुंडल्या दिल्या आणि हुशार मुलाची कोणती, मतिमंद मुलाची कोणती, एवढेच सांगायला सांगितले. नाणे उडवूनही ४०पैकी सुमारे २० बरोबर येतात. म्हणून यशासाठी २८ची अट ठेवली. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या घेतल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत जास्त बरोबर आली ती २४. सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाण्याहून किंचित कमीच. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, त्यातल्या १०२ बरोबर निघाल्या. २००९ मध्ये हे सगळे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आले.

या निबंधावरचे नारळीकरांचे नाव झाकून तिथे अड्याळच्या शाळेतल्या एखाद्या गणिताच्या शिक्षकाचे नाव घातले, तर ४६ टक्के हा आकडा बदलत नाही. नावामुळे फरक पडला तो बातमी पहिल्या पानावर येण्यात. निष्कर्ष उभा आहे तो २०० कुंडल्यांवर. उद्या कोणी ज्योतिषी तशीच चाचणी देऊन ४०पैकी ३० कुंडल्या पुन्हा पुन्हा ओळखून दाखवू लागला, तर नारळीकरांच्या पद्मविभूषणाचा त्यापुढे काही उपयोग नाही.

आणि नारळीकरांच्या स्वतःच्या शास्त्रातही त्यांच्या नावाला अशी सवलत मिळाली नाही, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विश्व एका क्षणी महास्फोटातून सुरू झाले हे त्यांना आणि हॉइल यांना मान्य नव्हते. विश्वाला आरंभ नाही असा त्यांचा पक्ष होता. १९६५ साली अवकाशात सगळीकडे भरलेली सूक्ष्मलहरींची प्रारणे सापडली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले. नारळीकर नव्या रूपात आपला सिद्धान्त मांडत राहिले, जगाने तो आदराने ऐकला आणि बहुमताने स्वीकारला नाही. ज्यांनी तो नाकारला, त्यांना नारळीकरांची ज्योतिष-चाचणी नाकारावीशी वाटली नाही. एकाच माणसाच्या दोन म्हणण्यांना दोन वेगळी वजने मिळाली, आणि दोन्ही योग्य होती.

या महास्फोटाच्या वादात धर्मही होता. कल्पना मांडणाऱ्यांतले अग्रणी जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. हॉइल तेव्हा पक्के नास्तिक. विश्वाला आरंभ आहे म्हटले की मागच्या दाराने निर्माता आत येतो, असा त्यांना संशय होता. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी खरोखरच या सिद्धान्तात बायबलमधल्या निर्मितीला दुजोरा दिसतो असे सुचवले. सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्र. आपल्या गणिताला धर्माचा टेकू देऊ नये, कारण उद्या ते चुकले तर धर्मही खाली येईल, अशी त्यांची भूमिका होती. पुढे निरीक्षणांनी कौल दिला तो धर्मगुरूच्या बाजूने. पण कोणीही शहाणा माणूस असे म्हणत नाही की लमेत्र यांचे विश्व बरोबर निघाले म्हणून त्यांचा पंथही बरोबर ठरला.

याहून नेमके उदाहरण १९७९च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे आहे. ते तिघांना मिळाले, त्यातले दोघे अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातले क्षीण बल ही मुळात एकच, हे दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले. सलाम श्रद्धाळू मुसलमान, वाइनबर्ग उघड नास्तिक. समीकरण एकच, त्यातून देवाबद्दल निघालेली मते दोन टोकांची. आता विशेष वजन कोणाला द्यायचे? दोघांनाही दिले तर तराजू जागच्या जागी राहतो. रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामगिरी देवीला देत, ती सूत्रे जगापुढे आणणारे हार्डी देव मानत नसत. सूत्रे मात्र सिद्धता मिळाल्यावरच मान्य झाली.

तज्ज्ञाचे ऐकावे हा साधा व्यवहार आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. विहिरीचे पाणी पिण्यालायक आहे का हे प्रयोगशाळेला विचारायचे, सरपंचांना नाही. पण तज्ज्ञाचे ऐकायचे ते दोन कारणांनी. त्याचे म्हणणे चुकले तर चूक दाखवण्याची काही रीत त्या विषयात असते, आणि म्हणून त्या विषयातले बहुतेक जाणकार शेवटी एका उत्तरावर येतात. ईश्वर आहे की नाही या प्रश्नात ही दोन्ही कारणे गळून पडतात.

यावर एक आक्षेप मात्र सहज बाजूला सारता येत नाही. १९१४ साली जेम्स ल्यूबा यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांना, प्रार्थना ऐकणारा ईश्वर मानता का, असे विचारले. सुमारे ४० टक्के हो म्हणाले. १९९६ साली तीच पाहणी पुन्हा झाली, प्रमाण जवळपास तेवढेच. पण १९९८ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांना, म्हणजे निवडक मोठ्यांना विचारले, तेव्हा हो म्हणणारे फक्त ७ टक्के निघाले. शास्त्रज्ञ जितका मोठा तितकी श्रद्धा कमी, मग यातून काही सिद्ध होत नाही का?

होते, पण अमेरिकेतल्या एका वर्तुळाबद्दल. भारतातल्या शास्त्रज्ञांच्या पाहण्यांत स्वतःला धार्मिक म्हणवणाऱ्यांचे प्रमाण बरेच जास्त आढळते. गुरुत्वाकर्षणाचा नियम देशाची सीमा ओलांडताना बदलत नाही. जे मत देशागणिक, घरागणिक बदलते, ते प्रयोगशाळेत तयार झालेले नसून बहुतेक वेळा घरून आलेले असते. घरून आलेले मत वाईट नसते. त्याला विज्ञानाचा शिक्का मात्र लागत नाही.

आरोग्याच्या बाबतीत हा शिक्का फार महाग पडतो. लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल मिळाली, १९५४चे रसायनशास्त्राचे आणि १९६२चे शांततेचे. १९७०च्या सुमारास ते सांगू लागले की क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घ्या, सर्दी जाईल. पुढे कर्करोगावरही त्यांनी तेच सुचवले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने चाचण्या घेतल्या, कर्करोगाच्या रुग्णांना फायदा दिसला नाही. गोळ्यांचा खप मात्र वाढतच राहिला. एचआयव्हीच्या शोधासाठी २००८चे नोबेल मिळालेले ल्युक माँटान्ये नंतर पाण्याच्या स्मरणशक्तीबद्दल बोलू लागले आणि कोविड लशींच्या विरोधात उभे राहिले. मे २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरतील असे त्यांनी म्हटल्याचा संदेश भारतभर फिरला. तसे ते म्हणालेच नव्हते. पण ‘नोबेल विजेता’ हे दोन शब्द वाचून किती जणांनी लस पुढे ढकलली असेल, ते मोजण्याचे साधन नाही.

अड्याळच्या परिसरात नावाची भुरळ मांत्रिकाच्या रूपाने भेटते. पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की बांध्यांत आणि धुऱ्यांवर माणसे आणि साप एकाच चिखलात असतात. दंश झाला की आजही काही घरांतून पहिला निरोप मांत्रिकाकडे जातो, आणि त्याच्याकडून बरे होऊन परतलेल्यांची नावे गावात पाठ असतात. ती नावे खोटी नसतात. धामण, दिवड, कवड्या या सापांना माणसाला मारण्याएवढे विष नसते. कवड्या तर मण्यारीसारखा दिसतो, त्यामुळे ‘मण्यार चावूनही वाचला’ ही गोष्ट सहज तयार होते. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष आत जातेच असे नाही. म्हणजे मांत्रिकाने काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी त्याच्याकडे आलेल्यांतले बरेच जण वाचणारच. जे वाचले ते येऊन सांगतात, जे गेले ते सांगायला येत नाहीत. ज्योतिषाच्या चाचणीतले नाणे इथेही उडतेच आहे, फक्त दोन्ही बाजू मोजणारे कोणी नाही.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला आहे. दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. देव मानणे किंवा पूजा करणे या कायद्यात कुठेही गुन्हा नाही. घरातली पूजा आणि रुग्णाची अडवणूक यांत कायद्याने जी रेघ ओढली आहे, ती नेत्यांच्या भाषणांत क्वचितच दिसते. मोठा शास्त्रज्ञ देव मानतो म्हणून मांत्रिकाकडे जाणे ठीक, हे म्हणणे ती रेघ पुसते. मोठा शास्त्रज्ञ देव मानत नाही म्हणून तुमची पूजा मूर्खपणाची, हे म्हणणेही तीच रेघ दुसऱ्या बाजूने पुसते, आणि मग दुखावलेला माणूस डॉक्टरचेही ऐकेनासा होतो.

सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचा रुग्ण आला की एक साधी तपासणी करतात. थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष आत गेले आहे असे धरून प्रतिविष सुरू करतात. नळी धरणारी परिचारिका कोणता उपवास करते किंवा करत नाही, याने त्या वीस मिनिटांत काही फरक पडत नाही. नाग आणि मण्यार यांच्या विषात ही नळी काहीच सांगत नाही. तिथे रुग्णाच्या पापण्या जड होऊन खाली येत आहेत का, गिळताना, श्वास घेताना त्रास होतो का, हे पाहावे लागते. मण्यारीचा दंश तर बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि दुखतही नाही. पहाटे पोट दुखते म्हणून उठलेल्या माणसाला घरचे ओवा देतात, आणि दवाखान्यात न्यायची वेळ तिथेच निघून जाते.