जिवाला धोका कुणापासून?

"ताई, तुमच्या जिवाला धोका कुणापासून आहे?" हवालदारांनी पेनचं टोपण काढत विचारलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. शेवटी ती म्हणाली, "कुणापासूनच नाही. मी नेमबाजी करते."

"मग बंदूक कशाला पाहिजे?"

त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या टेबलावर येतात ते बिल्डर, सराफ, पेट्रोलपंपवाले आणि होऊ घातलेले नगरसेवक. सगळे घाबरलेले, आणि जो नसेल त्याला निदान कागदावर तरी घाबरावंच लागतं. न घाबरता शस्त्र मागणारी बावीस वर्षांची मुलगी पाहिली की पेन अडखळणारच.

भाची चौदाव्या वर्षापासून दहा मीटर एअर रायफल खेळते. त्या रायफलीला परवाना लागत नाही. छर्रा 4.5 मिलिमीटरचा आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असली, की दुकानदाराकडे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दिला, त्याने वहीत नोंद केली, की झालं. पण पन्नास मीटरला गेलं की पॉइंट टू-टू रायफल. त्यात दारूचं काडतूस, म्हणजे कायद्याच्या भाषेत अग्निशस्त्र. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकलं ते याच रायफलीच्या प्रकारात.

"क्लबची रायफल असते ना?" हवालदारांचा पुढचा प्रश्न. असते. पण ती पाचजणांत फिरते. प्रत्येकाची मान वेगळी, हात वेगळा. बट किती बाहेर, चीकपीस किती वर, याचे आकडे भाची एका वहीत लिहून ठेवते आणि दर वेळी पाना घेऊन अर्धा तास स्क्रू फिरवत बसते. दुसऱ्याच्या चपला घालून रोज शर्यत पळायची, तसलाच प्रकार.

गंमत अशी, की कायद्याला हे सगळं फार आधी कळलं होतं. 1959 च्या शस्त्र अधिनियमातलं कलम 13 वाचा. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल हवी असेल, आणि तो अन्य कारणाने अपात्र नसेल, तर अधिकाऱ्याने परवाना द्यायचा. पिस्तूल मागणाऱ्या बिल्डरला मात्र सबळ कारण पटवून द्यावं लागतं. म्हणजे खेळाडूला कायद्याने दार उघडून दिलंय. पण कायदा दिल्लीत लिहिला जातो आणि पडताळणी ठाण्यात होते.

हा कायदा झाला त्याच्या आठ वर्षं आधी, 1951 मध्ये, राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर, आपल्याच कोकणातल्या मावळंगे गावाचं नाव लावणारे. नेमबाज पोरं आजही एकमेकांना विचारतात, "यंदा मावळंकर खेळलीस का?" मावळंकर म्हणजे त्यांच्या लेखी एक स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धेची पायरी. तो माणूस होता हे सांगितलं की चकित होतात.

तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. नेमबाजाच्या सवलतीवर परदेशी बंदुका आणून बाहेर विकल्याची प्रकरणं या देशात उघड झाली आहेत. 2019 च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली, तेही मला पटलं. विधेयकात आधी एकच होतं. मग ओरड झाली. 2020 च्या फेब्रुवारीत नामवंत नेमबाजांची मर्यादा बारापर्यंत वाढवली, पॉइंट टू-टूची काडतुसं एका वेळी हजारावरून पाच हजार केली. एका सामन्यात साठ गोळ्या, सरावात त्याच्या कैक पट. त्यामुळे हा आकडा वाटतो तितका भयंकर नाही. पण पदकवाल्यांची सोय दिल्लीतून होते. पदकाच्या वाटेवर अजून पहिल्याच वळणावर असलेलीने काय सांगायचं, ते हवालदारांना कुणी सांगितलेलं नसतं.

तर हवालदार. माणूस सज्जन. त्यांनी विचारलं, "निशाणा केवढा असतो?" भाचीने त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बोट दाखवलं. पन्नास मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर. त्यांनी बटणाला हात लावला, मग खिडकीतून बाहेर पाहिलं. "म्हणजे इथनं त्या वडापर्यंत?"

"थोडं पलीकडे."

ते बराच वेळ वडाकडे बघत बसले. चहा मागवला. मग अर्ज पुढे ओढून कारणाच्या रकान्यात 'खेळ' लिहिलं आणि धोक्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरात, 'निरंक'.

दोन महिन्यांनी वरच्या कार्यालयातून पत्र आलं. अर्जदाराने जिवाच्या धोक्याबाबत सविस्तर खुलासा सात दिवसांत सादर करावा.